एर्मेलिंदा आणि वळणावरची देवळी

पडदा वर जातो आणि समोर उशुआया दिसतं, दक्षिणेच्या पार टोकाचं गाव. जुलै महिना, म्हणजे आमचा ऐन हिवाळा. सकाळचे नऊ वाजून गेलेत, पण उजाडायचं अजून बाकी आहे. मागच्या पडद्यावर काळा डोंगर, त्याच्या खांद्यावर जरासा निळसर उजेड. पुढे मिमिकांच्या प्रवासी कचेरीसमोर एक पांढरी व्हॅन धूर सोडत उभी आहे. डावीकडून प्रवेश करते एक ठेंगणी, रुंद बाई. लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढलेली, हातात लांब दांड्याचा झाडू. ती कोणाकडेही बघत नाही. आधी गाडीच्या छतावरचा बर्फ झाडते. मग दिवे पुसते, पुढचे आणि मागचेही. मग वाकून प्रत्येक चाकावरून बोट फिरवते, बर्फावर पकड घेणारे टायरमधले खिळे जागेवर आहेत का बघते.

आम्ही नाटकमंडळी फुटपाथवर पाय आपटत उभे होतो. रोसारिओहून दक्षिणेच्या दौऱ्यावर आलो होतो आणि असली थंडी आमच्यापैकी कोणी जन्मात पाहिली नव्हती.

"बाई, छत कशाला झाडताय?" आमचा दिग्दर्शक म्हणाला. "तिथं कोण बसणार आहे?"

"पहिला ब्रेक लागला की छतावरचा सगळा बर्फ पुढच्या काचेवर येऊन बसतो," ती वर न बघता म्हणाली. "तुम्ही उत्तरेचे ना? बुटांवरूनच कळलं."

एर्मेलिंदा ओयार्सोचं मला घडलेलं हे पहिलं दर्शन. मी रंगमंचावर पुष्कळ प्रवेश पाहिले, काही स्वतः केले, पण प्रेक्षकांना इतकं निवांत विसरून केलेला प्रवेश दुसरा आठवत नाही.

झाडलेल्या छतावर तिनं आमचा राजवाडा चढवला. म्हणजे रंगवलेल्या फळ्या, दोन खांब आणि सोनेरी कमान असलेला एक दरवाजा. आम्ही राणीचं नाटक करत होतो आणि राणी मी होते. तिला हे कळल्यावर तिनं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "राणीसाहेब, तुम्ही पुढं बसा माझ्याजवळ. पट्टा राण्यांनाही लावावा लागतो."

त्या दिवसापासून मी तिची राणी. म्हातारी झाले तरी तिनं मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

उशुआयाहून उत्तरेला जायला एकच रस्ता. तो गारिबाल्दी खिंडीपर्यंत चढतो, तिथून पलीकडच्या तळ्याकडे उतरतो, मग तोल्हुईन आणि पुढं रिओ ग्रांदे. सपाट रस्त्यावर एर्मेलिंदा बोलायची, गाणी गुणगुणायची, कोणी माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, पुढं केला तर नळीनं दोन घोट घ्यायची. चढ सुरू झाला की गाडीतला मातेचा थर्मास बंद, रेडिओ बंद, तिचं तोंडही बंद. वेग इतका कमी व्हायचा की आमच्यातला एकजण कुरकुरला, यापेक्षा चालत गेलो असतो.

"चाला की," ती म्हणाली. "दार मागं आहे."

ब्रेकला ती जवळजवळ पाय लावत नसे. खालच्या गियरवर गाडी आवरायची, पुढच्या ट्रकपासून एवढं अंतर ठेवायची की मध्ये आणखी चार ट्रक मावावेत. पुढं माझ्या नवऱ्याला तिनंच बर्फात गाडी चालवायला शिकवलं. त्याला म्हणाली होती, "पेडलवर मांजर झोपलंय असं समजा. त्याला जाग येऊ द्यायची नाही." तो बिचारा आयुष्यभर त्या मांजराला जपत गाडी चालवत राहिला.

पण मी पहिल्या प्रवासाचं सांगत होते. खिंड ओलांडून आम्ही उतरणीला लागलो आणि वारा सुटला. वारा म्हणजे काय, समोरचा रस्ता, डोंगर, खालचं तळं, सगळं कोणीतरी पांढऱ्या चादरीखाली झाकून टाकलं. गाडीचं नाकसुद्धा दिसेना. एर्मेलिंदानं काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि कडेच्या खांबांचा अंदाज घेत एका रुंद वळणावर डोंगराच्या कुशीत गाडी लावली. रस्त्यापासून जितकी आत घेता येईल तितकी. मग दिवे लुकलुकते ठेवले.

"आता थांबायचं," ती म्हणाली.

"किती वेळ?"

"ते वाऱ्याला विचारा."

थोड्या थोड्या वेळानं ती फावडं घेऊन बाहेर जायची आणि मागच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढून यायची. भुवयांवर बर्फ घेऊन परत यायची, थोडा वेळ इंजिन चालू करून हीटर लावायची, पुन्हा बंद करायची. एक खिडकी तिनं बोटभर उघडी ठेवली होती. आमच्यातल्या एकीनं ती गपचूप लावून घेतली, तर एर्मेलिंदानं हात लांब करून पुन्हा उघडली.

"थंडी वाजते हो."

"वाजू द्या. धूर आत साठला तर थंडीसुद्धा वाजायची नाही."

तिला सगळ्यात जास्त काळजी होती ती आम्ही झोपण्याची. मागच्या बाकावर दोघं पेंगायला लागले, तेव्हा ती वळून म्हणाली, "तुम्ही नाटकवाले ना? मग करा की नाटक. इथं दुसरं काम काय आहे तुम्हाला?"

आणि आम्ही केलं. सीटवर बसल्या बसल्या, गुडघ्यांवर घोंगड्या घेऊन, पहिल्या अंकापासून. तोंडातून वाफा निघत होत्या, दात वाजत होते, आणि प्रेक्षक एकच. ती भलत्या ठिकाणी हसली. दुसऱ्या अंकात माझं स्वगत चालू असताना तिनं मला मध्येच थांबवलं.

"ही राणी त्या माणसाला सरळ सांगून का टाकत नाही?"

"मग नाटक कसं होणार?"

"नाही झालं तर काय बिघडतं? एवढी माणसं वाचतील."

संध्याकाळी बर्फ सारणारी गाडी आली आणि तिच्या मागोमाग आम्ही सगळे खाली उतरलो. बोटं शाबूत, नाकं शाबूत. तो प्रयोग मी केलेला सगळ्यात वाईट आणि मला सगळ्यात प्रिय प्रयोग आहे. त्यानंतर कितीतरी वेळा टाळ्या मिळाल्या, पण टाळ्या वाजवणारीनं आपला जीव वाचवलेला असण्याचा योग पुन्हा आला नाही.

त्या वादळात फावडं मारताना एर्मेलिंदानं एक नवस बोलला होता. आमच्या देशातल्या ट्रकवाल्यांची, गाडीवाल्यांची एक माउली आहे, दिफुंता कोर्रेआ. वाळवंटात तहानेनं गेलेली आणि मेल्यावरही कुशीतल्या तान्ह्याला पाजत राहिलेली बाई. चर्चचे पाद्री तिला संत मानत नाहीत, रस्त्यावरची माणसं मानतात. तिच्या देवळ्या रस्त्यांच्या कडेनं असतात आणि तिथं लोक पाण्यानं भरलेल्या बाटल्या ठेवून जातात, तिची तहान भागावी म्हणून. माणसं सुखरूप खाली उतरली तर या वळणावर तुझी देवळी बांधीन, असं एर्मेलिंदा म्हणाली होती.

परतीच्या फेरीत ती आमच्या दिग्दर्शकापुढं उभी राहिली.

"तुमच्या राजवाड्यातली एखादी फळी द्याल?"

दिग्दर्शक हिशेबी माणूस, दौऱ्यात सुतळीसुद्धा जपून वापरणारा. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि सोनेरी कमानीचा अख्खा दरवाजाच देऊन टाकला. उरलेल्या दौऱ्यात राणी दरवाजा नसलेल्या राजवाड्यात राहिली. तो दरवाजा आम्ही सगळ्यांनी मिळून वळणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका सपाट पायरीवर बसवला. जागा छान होती. वाऱ्याच्या आड, दुपारचं ऊन येणारी. मागं दगड रचले, वर पत्रा टाकला, आणि एर्मेलिंदानं पहिली बाटली ठेवली.

मंडळी उत्तरेला परत गेली. मी राहिले. कारणं पुष्कळ सांगता येतील. त्यातलं एक उशुआयातला चष्म्यांचा दुकानदार होता आणि तो चांगला नवरा निघाला.

त्यानंतर तीसेक हिवाळे मी एर्मेलिंदाच्या गाडीतून ये-जा केली. तिच्या गाडीतून या गावातल्या बाया बाळंतपणाला गेल्या, पोरं परीक्षांना गेली, माझा नवरा शेवटच्या आजारात डॉक्टरांकडे गेला आणि प्रत्येक वेळी तिनं त्याला दारापर्यंत हात धरून नेलं. तिच्या हातून गाडी कधी घसरली नाही. त्याबद्दल ती कधी बोलतही नसे. बोलायची ती देवळीबद्दल. नव्या प्रवाशाला वळणावर हळूच बोटानं दाखवायची, "ती बघा, आमची माउली. राजवाड्यात राहते." असं सांगता सांगता देवळीची कीर्ती पसरली. मुलगी बरी झालेला ट्रकवाला बाटली ठेवून गेला, नोकरी लागलेला पोरगा ठेवून गेला, पुढं तर लांबून लोक पेट्याच्या पेट्या आणायला लागले. पायरीभर बाटल्या, पायरी संपल्यावर उतारावर बाटल्या. उन्हात सगळा डोंगर लखलखायचा.

आणि मग चार हिवाळ्यांपूर्वी तिच्या हातून गाडी घसरली.

दुपार होती, तीनचा सुमार, सावली नुकतीच रस्त्यावर आली होती. मी नेहमीप्रमाणे तिच्या शेजारी. वळण आलं, तिनं खूप आधीच वेग कमी केला होता, आणि तरी गाडीचा मागचा भाग सावकाश, जणू घाई कशालाच नाही अशा बेतानं, बाहेरच्या बाजूला निघाला. कोणीतरी किंचाळलं. एर्मेलिंदानं ब्रेकला हात लावला नाही, म्हणजे पाय लावला नाही. पाय उचलून घेतले, स्टिअरिंग घसरणीच्या बाजूला जरासं सोडलं, मग परत घेतलं. दरीकडे बघितलंसुद्धा नाही, नजर रस्त्यावर, जिथं जायचं तिथं. गाडी एक गिरकी घेऊन कडेला सारलेल्या बर्फाच्या ढिगात रुतली. तोंड आलो त्या दिशेला.

"डोकं कोणाचं आपटलं?" तिनं विचारलं.

कोणाचंच नव्हतं. पट्टे सगळ्यांना होते.

ती खाली उतरली आणि रस्त्यावर बघत उभी राहिली. पण तेवढ्यात बर्फ भुरभुरायला लागला होता आणि रस्ता सगळीकडे सारखाच पांढरा दिसत होता. मागून आलेल्या ट्रकनं आम्हाला ओढून काढलं. पुढं तोल्हुईनपर्यंत गाडी तिनंच चालवली.

दुसऱ्या दिवशी मालक तिच्या घरी आला. व्लादो मिमिका, तिच्याहून लहान. त्याच्या बापाच्या काळापासून ती गाडी चालवत होती. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. एर्मेलिंदा तोर्ता फ्रिता, म्हणजे आमच्याकडच्या जाड पुऱ्या, तळत होती, मी कणीक लाटत होते. तो टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"एर्मे, डोळे दाखवलेस का डॉक्टरला?"

"दाखवले. जागेवर आहेत म्हणाला."

"थट्टा नको गं. लोक विचारतायत. वय झालं म्हणतात."

"कोणाचं? गाडीचं? ते मी तुला दरवर्षी सांगते."

त्यानं माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. मी लाटणं सोडलं नाही.

"हिवाळा संपेपर्यंत आराम कर," तो शेवटी म्हणाला. "मग बघू."

तिनं कढईखालचा गॅस बंद केला, हात पुसले, खुंटीवरची किल्ली काढली आणि त्याच्या टोपीत टाकली. वर एक गरम तोर्ता कागदात गुंडाळून दिली. तो गेल्यावर ती स्टुलावर बसली. आमच्याकडे हिवाळ्यात गाडी काढून घेतलेल्या ड्रायव्हरला उन्हाळ्यात कोणी परत बोलवत नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

"राणी," ती म्हणाली, "काल सकाळच्या फेरीत तिथं वाळू टाकलेली मी पाहिली होती. त्या वळणावर बर्फ नव्हता."

"नसेलच."

"मग चाक कसं गेलं? आणि असेल, आणि मलाच दिसला नसेल तर?" ती म्हणाली, "तसं असेल तर व्लादोचं बरोबर आहे. मग मीच किल्ली द्यायला हवी होती."

इतक्या वर्षांत मी तिला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ती वादळात घाबरली नाही. आपल्याच डोळ्यांवरचा भरवसा जातोय की काय, या शंकेनं घाबरली.

म्हणून आम्ही बघायला गेलो. 'मुंगी' नावाचा एक ट्रकवाला आम्हाला घेऊन गेला. खरं नाव मिजाल्देओ, पण देह एवढा की ट्रकच्या दारातून आडवं होऊन आत शिरावं लागायचं, म्हणून सगळे मुंगी म्हणायचे. एर्मेलिंदानं त्याला सकाळीच वळणाच्या अलीकडे, रुंद जागेत ट्रक लावायला सांगितला, मागं दिवे लुकलुकते ठेवायला लावले आणि आम्ही तिघं केबिनमध्ये माते पीत बसलो.

"काय बघायचं आहे, एर्मेबाई?" मुंगीनं विचारलं.

"रस्ता."

"तो तर मी रोज बघतो."

"रोज त्यावरून जातोस. आज बस."

सकाळी रस्ता कोरडा होता, वर वाळू. दुपारी ऊन डोंगरावर आलं आणि देवळी चमकायला लागली. मुंगीनं टोपी काढून छातीवर क्रूसाची खूण केली. मग बराच वेळ काही झालं नाही. आणि मग एर्मेलिंदा एकदम दार उघडून खाली उतरली.

मी तिच्या मागोमाग गेले. देवळीच्या पायरीवरून एक बारीक ओहोळ येत होता. बाटल्या थंडीनं गोठून फुगल्या होत्या, फुगून फुटल्या होत्या. प्लास्टिकची सालं बाजूला आणि आत बाटलीच्या आकाराचे बर्फ, रांगेनं उभे. उन्हानं ते ठिबकत होते. एरवी ते पाणी कडेच्या चरातून खाली गेलं असतं, पण चर सारलेल्या बर्फानं बुजला होता. ओहोळ त्या ढिगाखालून वाट काढून रस्त्यावर पसरत होता, वाळूवरून, अगदी पातळ. काही वेळानं डोंगराची सावली सरकत आली. आमच्या डोळ्यांदेखत पसरणारं पाणी मंद झालं, गोठलं, आणि डांबराच्याच रंगाचं झालं. बघून काही वेगळं दिसत नव्हतं. एर्मेलिंदानं बुटाचं टोक टेकवलं आणि ते सुर्रकन पुढं गेलं.

मला आनंद झाला. मी म्हणाले, "बघ, तुझे डोळे ठीक आहेत. हे कोणालाच दिसलं नसतं."

ती वर बघत होती, सोनेरी रंग उडालेल्या त्या कमानीकडे.

"जागा मी निवडली, राणी," ती म्हणाली. "आणि बाटल्या आणा म्हणून गावभर मीच सांगितलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं व्लादोला तिथं आणलं. काय झालं ते ती सांगणारच होती, पण त्यानं गाडीतून पाय खाली ठेवला आणि पुढच्या क्षणी तो रस्त्यावर बसलेला होता. बसल्या बसल्या त्यानं हातानं रस्ता चाचपला.

"एर्मे," तो म्हणाला, "किल्ली गाडीतच आहे. घे."

"नको."

"आता काय झालं?"

"देवळी इथं आहे तोवर या वळणावरून मी माणसं नेणार नाही. ही खाली हलवायची. तळ्याकाठी, सपाटीवर, रस्त्याच्या खालच्या अंगाला. पाणी तळ्यात जाऊ दे."

"आणि लोक हलवू देतील?"

लोक हलवू देत नव्हते. तोल्हुईनच्या बेकरीत सगळे ट्रकवाले थांबतात. तिथं तिनं ही गोष्ट काढली तर सगळ्यांनी हातातले कप खाली ठेवले. नवस फेडलेलं पाणी उचलायचं नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं.

"रस्ते खात्याला सांगा जास्त वाळू टाकायला," कोणीतरी म्हणालं.

"सकाळी टाकतात. पाणी दुपारी येतं."

"तुमची एकदा गाडी घसरली, म्हणून माउलीनं घर सोडायचं?" हा मुंगी होता. ज्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, तोच सगळ्यात चिडलेला. "माझी पोरगी तिच्यामुळं चालते आहे. माझ्या बाटलीला मी कोणाचा हात लागू देणार नाही."

"तुझी बाटली कोणती रे?"

"लाल झाकणाची. समोरच्या रांगेत."

"ती फुटली आहे, मुंगी. तू त्या दुपारी बघितलीस. माझी हिरव्या झाकणाची, तीही फुटली." ती शांतपणे बोलत होती, रागावल्याशिवाय. "तुझ्या पाण्यावरून मी माणसं घसरवली. माझ्या पाण्यावरून उद्या तू घसरशील. माउली तहानेनं गेली, खरं. पण आपण तिला पाजतोय का? पाणी रस्ता पितोय. आणि तुम्हाला दोष देत नाही मी. चूक माझी आहे, जागा मी निवडली. म्हणून मीच पहिली बाटली उचलणार. माउलीला राग आला तर तो माझ्यावर येऊ दे."

मुंगीनं समोरची गोड पोळी उचलली, दोन घासांत संपवली, बोटं चाटली. मी वाट बघत होते. नाटकात अशा जागी शांतता किती ताणायची हे मला कळतं, पण खऱ्या शांततेपुढं मी नवशिकी ठरले.

"रविवारी मला सुट्टी आहे," मुंगी म्हणाला.

रविवारी पुष्कळ लोक आले. पोलिसांनी दोन्ही बाजूंना गाडी आडवी लावून रस्ता अडवला. एर्मेलिंदानं पहिली बाटली उचलली, हिरव्या झाकणाची, आणि ती खरवडून काढताना काहीतरी पुटपुटली, ते मी ऐकलं नाही. मग हातांची साखळी झाली. बर्फाच्या बाटल्या, तसबिरी, बाळांचे मोजे, जुन्या नंबरपाट्या, सगळं पेट्यांत भरून खाली गेलं. दरवाजा शेवटी निघाला. तो मुंगीनं एकट्यानं पाठीवर घेतला, आणि सोनेरी कमानीखालून त्याचं तांबडं तोंड असं काही दिसत होतं की मला माझ्या राजवाड्याचा अभिमान वाटला.

तळ्याकाठी नवी देवळी उभी राहिली. एर्मेलिंदानं नियम घातला, हिवाळ्यात बाटली अर्धीच भरायची आणि झाकण सैल ठेवायचं, म्हणजे गोठली तरी फुटणार नाही.

"माउलीला अर्धा पेला?" मुंगी कुरकुरला.

"तुला फुटक्या पेल्यातून पूर्ण दिलेलं चालतं का?"

"मला चालतं."

"तुझं सोड. तुला बादलीतूनही चालतं."

ऊन कलायच्या आत आम्ही वळणाजवळ परत आलो आणि एर्मेलिंदा उतरून पायी पुढं गेली. मी ट्रकमध्ये बसून बघत होते. तिनं बुटाचं टोक रस्त्यावर टेकवलं. इकडे टेकवलं, तिकडे टेकवलं. सावली आली, तरी उभी राहिली. मग चालत आली आणि व्लादोपुढं हात पसरला. त्यानं किल्ली दिली. तो पटकन तोंड फिरवून आपल्या गाडीच्या काचेवरचा नसलेला बर्फ खरवडायला लागला.

सोमवारी नेहमीच्या वेळेच्या गाडीचं मी तिकीट काढलं. मला रिओ ग्रांदेला काही काम नव्हतं. गाडीतल्या निम्म्या लोकांना नव्हतं असा माझा संशय आहे. कोणी केक आणला होता, कोणी लोकरीचे मोजे. तिनं सगळं मागं ठेवायला लावलं. ती छत झाडत होती, दिवे पुसत होती, चाकांवरून बोट फिरवत होती, आणि आम्ही फुटपाथवर पाय आपटत तिच्याकडे बघत होतो.

ती आणखी तीन हिवाळे चालवणार होती आणि मग स्वतःहून, एका वसंतात, किल्ली देणार होती. आता ती मुलीकडे असते, आणि तिच्या जागी आलेला ड्रायव्हर छत झाडतो का, हे मी तिला फोनवर कळवते. पण त्या सोमवारी हे काही ठाऊक नव्हतं. खिंड ओलांडली. रेडिओ केव्हाच बंद झाला होता. मला एकदम भरून आलं, त्या पहिल्या वादळापासूनचं सगळं, आमची शाबूत बोटं, नवऱ्याचा तिनं धरलेला हात, आणि मी पट्टा सैल करून तिच्याकडे वळले, सगळ्यांच्या वतीनं दोन शब्द बोलावेत म्हणून. "एर्मेलिंदा," मी म्हणाले, "आम्हा सगळ्यांना तुझे आभार..."

तिनं रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"आभार तोल्हुईनला पोचल्यावर मान, राणी. आता पट्टा आवळ आणि माझ्याशी बोलू नकोस, वळण आलंय."